डेकार्तच्या नावाने फिरणारा तो फॉरवर्ड चुकीचा आहे
फोंड्याच्या आमच्या वाचकांच्या ग्रूपवर फिरतंय की फ्रेंच तत्त्वज्ञ डेकार्त म्हणाला, कशावरच विश्वास ठेवू नका, सत्य असं काही नसतंच. मंडळी, हे साफ उलटं आहे. १६४१ च्या 'मेडिटेशन्स' या पुस्तकात तो सगळ्यावर शंका घेतो खरं, पण पक्कं काय उरतं ते शोधायला, आणि उरतं हे की शंका घेणारा 'मी' तरी आहेच. त्यातला मेणाचा भाग वाचाच, पोळ्यातून नुकतंच काढलेलं मेण, अजून मधाची चव, फुलांचा वास, विस्तवाजवळ नेलं की वास गेला, रंग बदलला, आकार वितळला, तरी आपण म्हणतो मेण तेच, मग हे कळलं कशाने? तो म्हणतो, बुद्धीने. स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने पुढे त्या 'मी'वरच प्रश्न केले, तो वेगळा विषय. कृपया तो फॉरवर्ड पुढे पाठवू नका.