अभिजात दर्जा मिळाला, आता पोरांना वाचायला काय देणार?

आमच्या सांगलीच्या शाळेच्या ग्रुपवर परत तेच. ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पहिलीपासून हिंदीचा जीआर जून २०२५ला मागे घेतला, तरी 'मराठी मेली'चा गजर चालूच, आणि गजर करणाऱ्या निम्म्यांची पोरं आयसीएसईत. वर मलाच टोमणा, स्वीडनमध्ये बसून तुला काय जातंय बोलायला! बसलोय खरा, म्हणूनच बोलतो.

इथे यिद्दिशला, म्हणजे युरोपातल्या ज्यूंच्या जुन्या भाषेला, २०००पासून राष्ट्रीय अल्पसंख्याक भाषेचा दर्जा आहे. बोलणारे किती, तर आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावात मावतील. पण २०२०मध्ये इथल्याच एका छोट्या प्रकाशनाने पहिला हॅरी पॉटर यिद्दिशमध्ये काढला, हजार प्रती दोन दिवसांत संपल्या, आणि अनुवादक कोण तर अरुण विश्वनाथ! वडील मूळचे भारतातले, आई यिद्दिशच्या मोठ्या शब्दकोशाची संपादक, आणि हा अमेरिकेत राहून घरी यिद्दिश बोलतच मोठा झाला. त्याला कुठल्या जीआरने बोलायला लावलं?

आता कोणी म्हणेल, हे सगळं हौशी लोकांचं. थोडं आहेच. २०१८मध्ये न्यूयॉर्कला 'फिडलर ऑन द रूफ' हे संगीत नाटक यिद्दिशमध्ये जोरात चाललं, पण नाटक कळावं म्हणून वर इंग्रजी आणि रशियन ओळी दाखवायला लागायच्या. उलट तिथेच ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्गमध्ये हसिदी, म्हणजे कर्मठ ज्यू, घरांतली पोरं गल्लीत यिद्दिशमध्येच भांडतात, त्यांना ना नाटकाशी घेणं ना हॅरी पॉटरशी. मला भाषा जिवंत वाटते ती तिथे. अर्थात त्यांच्यासारखं बंदिस्त राहायची माझी तयारी नाही, हेही खरं, आणि ग्रुपवर मी हा भाग गाळतो.

माझी मुलगी मराठी समजते, उत्तर स्वीडिशमध्ये देते. सांगलीला गेलो की भाचे म्हणतात मामा तू जुन्या सिरीयलसारखा बोलतोस, आणि ते आपसात बोलतात इंग्लिशमध्ये. मग बाहेरचा नक्की कोण, मी की ते, मला खरंच कळत नाही आणि त्याचाच जास्त राग येतो बहुतेक.

कम्यूनकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, शाळेत मराठी हवं तर शिकवणारं माणूस लागतं आणि किमान पाच मुलं लागतात. यिद्दिशला पाचाची अट नाही, एक पोर असलं तरी चालतं, याचा हेवा वाटतो. आमची चार जमलीयत. पाचव्या मुलीचे आईबाबा पुण्याचे, गणपतीत ढोल वाजवणारे, म्हणाले त्या वेळेत कोडिंग लावलंय.