आरटीईवाली पोस्ट: काका, रागावू नका पण…

गेले चार दिवस फॅमिली ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, मुलाच्या वर्गाचा पालक ग्रुप, सगळीकडे एकच पोस्ट फिरतेय, बडोद्यातल्या बहुतेक मराठी घरांत पोचली असणार. पोस्टचं म्हणणं: आरटीईच्या (म्हणजे शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब मुलांसाठी राखलेल्या) 25 टक्के सीटवाल्यांना फुकटात ॲडमिशन, त्यांची फी आपल्या खिशातून, मेरिट मेलं, वर्गाची लेव्हल घसरली, आणि शेवटी "सयाजीराव महाराजांनी सगळ्यांना समान शिक्षण दिलं, कोणाचे वेगळे लाड नव्हते". खाली दांडिया बाजारच्या काकांनी हात जोडलेले पाठवलेत म्हणून लिहायला बसले.

मेरिटचं आधी उरकते. पहिलीतलं मेरिट म्हणजे काय हो? 2009 च्या ह्याच कायद्यात प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापाची परीक्षा, इंटरव्ह्यू घ्यायलाच बंदी आहे, सगळ्यांसाठी. म्हणजे माझा मुलगाही मेरिटवर लागला नाही, चेक वटला म्हणून लागला.

आता फी. ह्या मुलांचे पैसे राज्य सरकार शाळेला देतं, सरकार स्वतः एका मुलावर करतं तो खर्च किंवा शाळेची खरी फी, यातलं जे कमी ते. महागड्या शाळेचा तेवढ्यात खड्डा भरत नाही, ही तक्रार खरी आहे, नाही म्हणत नाही. पण आपली फी दरवर्षी वाढते ती ह्या मुलांमुळेच, हे कुठून काढलं? 2017 मध्ये गुजरातेत फीचा कायदा आला, प्राथमिकला 15 हजारांची मर्यादा ठरली, त्यावर घ्यायची तर शाळेने एफआरसीकडे, म्हणजे फी ठरवणाऱ्या सरकारी समितीकडे, हिशोब द्यायचा, आणि बडोदा झोनची एफआरसी इथेच आहे. तिथे जाऊन विचारायचं म्हटलं की सगळ्यांना ऑफिस असतं, रिक्षावाल्याच्या पोरीवर राग काढायला मात्र वेळच वेळ.

खोटे उत्पन्नाचे दाखले काढून घुसणारे आहेत, खरंय, त्यांना पकडाच. अल्पसंख्याक शाळांना 25 टक्के लागू नाही हेही खरं, 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा उचलून धरला तेव्हाच विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना ती सूट दिली. आणि एक गंमत, गुजरातेत 2025 मध्ये उत्पन्नाची मर्यादा 6 लाख झाली, त्यामुळे पोस्ट पुढे ढकलणाऱ्यांतले दोन-तीन जण स्वतःच त्यात बसत असतील!

लेव्हलचं म्हणाल तर दिल्लीत हे तपासून झालंय. गौतम राव नावाच्या अर्थशास्त्रज्ञाचा अभ्यास 2019 मध्ये छापून आला. श्रीमंत मुलांच्या मार्कांवर परिणाम संमिश्र आणि एकूणात किरकोळ, पण ज्यांच्या वर्गात गरीब मुलं होती ती जास्त उदार झाली, गरीब मुलांशी भेदभाव कमी करायला लागली. आता ह्याला कोणी घसरण म्हणत असेल तर म्हणो बापडे.

पण मला खरं खटकलं ते महाराजांचं नाव. लाड नव्हते म्हणे! 1893 मध्ये अमरेलीत सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं, 1906 ला सगळ्या संस्थानात, पोराला शाळेत धाडलं नाही तर आईबापांना दंड. अंत्यज, म्हणजे तेव्हा अस्पृश्य मानलेल्या, मुलांसाठी वेगळ्या शाळा काढाव्या लागल्या, सवर्ण मास्तर शिकवायला तयार होईनात, मग 1908 मध्ये आर्य समाजाच्या पंडित आत्माराम अमृतसरींना बोलावून घेतलं. वसतिगृहं काढली, स्कॉलरशिपा दिल्या. आंबेडकर 1913 मध्ये कोलंबियाला गेले ते महाराजांच्याच पैशावर. ज्याला जास्त अडचण त्याला जास्त, हेच तर केलं की त्यांनी.

आणि पुढचं सोयीस्करपणे गाळतात. 1917 मध्ये तोच माणूस एवढं शिकून बडोद्यात नोकरीला आला, शिपाई फायली लांबून टाकायचे, राहायला खोली मिळेना, शेवटी कमाटी बागेत झाडाखाली बसून रडला. महाराजांचं राज्य, महाराजांचीच स्कॉलरशिप, आणि गावात एक घर मिळालं नाही. म्हणजे सीट देऊन काम संपत नाही.

आमच्या ओळखीच्या एका शाळेत (नाव नको) बाई वर्गात येऊन म्हणाल्या, "आरटीईवाले उभे रहा, फॉर्म द्यायचेत". ह्या मुलांना वेगळं बसवायचं नाही, वेगळ्या वेळेला बोलवायचं नाही असं केंद्राच्या नमुना नियमांत लिहिलेलं आहे, वेगळं उभं करायचं नाही हे लिहायचं कोणाला सुचलं नसावं. वर्षाला 3 हजार सरकार देतं त्या मुलांना, त्यात वह्या-पुस्तकं, गणवेश, बूट, दप्तर, सगळं बसवायचं, आणि वर्गाच्या ग्रुपवर पिकनिकचे हजार "उद्यापर्यंत" भरा म्हणून मेसेज येतो. त्या दिवशी नेमकी कोणाला ताप येतो ते बघा कधीतरी.

आमच्याकडे पोळ्या करायला येतात त्या मावशींची मुलगी आरटीईतून लागलेली, आता आठवीत. कायदा आठवीपर्यंतच आहे. जूनपासून तीच शाळा, तोच बाक, पण पूर्ण फी, नाहीतर दाखला घेऊन दुसरीकडे. काल मावशी विचारत होत्या, फीचे हप्ते करून देतात का हो. सोमवारी त्यांच्याबरोबर शाळेच्या ऑफिसात जातेय. काका, तुमची त्या ट्रस्टींशी ओळख आहे ना, याल का?