गुरुजी, बोरला आडवा कुणी केला? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार गुरुजी. तुमची प्रतिक्रिया चांगली तिखट आहे, त्यामुळं खाली ‘धन्यवाद’ लिहून सटकण्यापेक्षा इथंच लांब लिहितो. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. गुरुजी म्हणायलेत की मी मागच्या लेखात अणू आतून कसा असतो ह्याची डाल्टन, थॉमसन, रदरफोर्ड, बोर ह्यांची मॉडेलं एकेक उभी केली आणि एकेक आडवी केली, ह्यानं लेकरांच्या डोक्यात निस्ता गोंधळ होतो. खोटंच होतं तर शिकवायचं कामून, शेवटचं खरं मॉडेल एकदाच सांगा आणि मोकळं व्हा. आणि आतापर्यंतचे सगळे चुकले तर आजचं तरी बरोबर कशावरून? शिवाय कणाद ऋषींचं नाव नाही.

आता ‘आडवी केली’ हेच मला पटत नाही. थॉमसननं 1897 ला इलेक्ट्रॉन दाखवला, मग 1904 ला म्हणला की अणू म्हणजे धन प्रभाराचा एक गोळा आहे आणि त्यात हे इलेक्ट्रॉन रुतून बसलेत. त्यातला गोळा गेला, इलेक्ट्रॉन कुठं गेला? तो आजही तिथंच आहे. गोळा पण कुणाला आवडला नाही म्हणून गेला नाही. 1909 ला मँचेस्टरमधी गायगर आणि मार्सडेन (मार्सडेन वीस वर्षांचा, शिकणारा पोरगा) पातळ धातूच्या पत्र्यावर अल्फा कण (धन प्रभाराचे, वेगानं जाणारे कण) मारत होते, बहुतेक सगळे सरळ पार जायचे पण प्लॅटिनमवर साधारण 8000 तला एक उलटा फिरून यायचा. कापसाच्या ढिगात गोट्या मारत बसलात आणि एखादी फाटकन तोंडावर आली तर आत दगड आहे हे सांगायला पुस्तक लागत नाही. तरी रदरफोर्डला हिशोब जमवून न्यूक्लियस (अणूच्या मधला बारीक, जड गाभा) मांडायला 1911 उजाडलं. (गंमत म्हणजे नोबेल त्याला 1908 लाच मिळालेलं होतं, ते पण केमिस्ट्रीचं.)

पण त्याचं मॉडेल पहिल्याच दिवसापासून अडचणीत होतं. न्यूक्लियसभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन प्रकाश फेकणार, ऊर्जा गमावणार, आणि सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही शंभराव्या भागात वगैरे न्यूक्लियसवर जाऊन आदळणार, म्हणजे तुम्ही-मी, ही खुर्ची, काहीच टिकायला नको. बोरनं 1913 ला ह्यावर उपाय काय काढला, तर सरळ म्हणून टाकलं की काही ठराविक कक्षांमधी असताना तो ऊर्जा फेकतच नाही. का नाही? त्याचं उत्तर त्याच्याकडं नव्हतं. ऐकायला दादागिरीच वाटते. मग लोकांनी ऐकून का घेतलं?

कारण बाल्मर. स्वित्झर्लंडातल्या बाझेलमधला शाळामास्तर, गुरुजी, तुमच्याच जातकुळीचा. हायड्रोजनच्या प्रकाशात दिसणाऱ्या चार रेघा (लाल 656 नॅनोमीटर, मग 486, 434, 410) ह्यांना बसणारं सूत्र त्यानं 1885 मधी नुसत्या आकडेमोडीतून काढलं होतं, कारण काहीच माहीत नसताना. बोरनं, इलेक्ट्रॉन वरच्या कक्षेतून खालच्या कक्षेत आला की मधल्या ऊर्जेची एक रेघ सुटते असं धरून, त्या सूत्रातला स्थिरांक इलेक्ट्रॉनचा प्रभार, वस्तुमान आणि प्लँकचा स्थिरांक एवढ्यावरून काढून दाखवला.

आणि माझा आवडता किस्सा पुढं आहे. एका ताऱ्याच्या प्रकाशात पिकरिंग नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला 1896 ला काही रेघा दिसल्या होत्या आणि सगळे त्या हायड्रोजनच्या धरून चालले होते. बोर म्हणला, ह्या हेलियमच्या, एक इलेक्ट्रॉन गेलेल्या हेलियमच्या. त्याच्या हिशोबानं हेलियमचा स्थिरांक हायड्रोजनच्या बरोब्बर 4 पट यायला पाहिजे. फाउलर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं जाहीर टीका केली की मोजमापात 4 येत नाही, 4.0016 येतं. एवढ्याशा फरकासाठी भांडण! पण बोरनं ते उडवून लावलं नाही. न्यूक्लियस एका जागी खिळलेला नसतो, इलेक्ट्रॉनबरोबर तो पण जरासा डुलतो, हे धरून त्यानं हिशोब परत केला आणि उत्तर आलं 4.00163. मोजमाप आणि मॉडेल असं चौथ्या दशांशापर्यंत जुळलं की मग माणसं ऐकतात.

तरीही बोर पुढं अडकलाच. दोन इलेक्ट्रॉनचा साधा हेलियम आला की हिशोब जुळेना. 1926 ला श्रोडिंगरचं समीकरण आलं, कक्षा गेल्या, इलेक्ट्रॉन कुठं सापडेल ह्याची फक्त शक्यता राहिली. पण हायड्रोजनच्या ऊर्जा त्या समीकरणातून किती निघाल्या? उणे 13.6, उणे 3.4, उणे 1.51 इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूतली ऊर्जा मोजायचं एकक), म्हणजे बोरच्याच. तिसऱ्या पातळीवरून दुसरीवर आला की 1.89 सुटतात आणि तीच ती लाल रेघ. म्हणून ‘आजचं कशावरून बरोबर’ ह्याला माझं उत्तर एवढंच की उद्याचं जे काय येईल त्याला ही रेघ 656 वरच काढून दाखवावी लागेल.

आता ‘शेवटचं एकदाच सांगा’. सांगतो की, पण ते समीकरण नेमकं सुटतं ते एका इलेक्ट्रॉनच्या अणूसाठी, हेलियमपासूनच अंदाजाचे हिशोब चालू. दहावीच्या लेकराला ते देऊन काय करणार? गोंधळाबद्दल मात्र तुमच्याशी सहमत, फक्त कारण वेगळं. आपण चार गोल चित्रं काढतो, खाली नाव आणि साल टाकतो, आणि पेपरात विचारतो की अमुक मॉडेल कुणाचं, अबकड. लातुरात राहून एमसीक्यूबद्दल बोलणं म्हणजे जरा जपूनच, पण प्रकाशातल्या ह्या रेघांची पट्टी न दाखवता बोर शिकवला तर तो मनमानीच वाटणार ना.

कणादांचं. वैशेषिक-न्याय परंपरेतला एक युक्तिवाद मला खरंच भारी वाटतो, की वस्तू कितीही तोडत जाता आली असती तर मेरू पर्वत आणि मोहरीचा दाणा सारखेच भरले असते, दोघांचे भाग अनंतच. पण तो तर्क आहे आणि माझा लेख मोजमापाचा होता. डाल्टनकडं तराजू होता, 12 ग्रॅम कार्बनला एकदा 16 ग्रॅम ऑक्सिजन लागतो, एकदा 32, मधलं काही नाही. (पाण्याला तो एक हायड्रोजन-एक ऑक्सिजन समजायचा हा भाग वेगळा.) कणादांवर लिहायचं तर ते स्वतंत्रच लिहावं लागेल, इथं दोन ओळीत कोंबून त्यांचा मान वाढत नाही.

आणि एक, ह्या रेघा वर्गात दाखवायला महागाचं काही लागत नाही. खोली अंधारी करा आणि सीएफएल लावून त्याचा प्रकाश जुन्या सीडीवर तिरका घ्या, रंगांचे सुटे सुटे पट्टे दिसतात, त्यातले ठळक त्याच्यातल्या पाऱ्याचे आणि आतल्या पावडरीचे. एलईडीवर करू नका, तिथं सगळे रंग एकमेकांत मिसळलेले दिसतात. आता सीएफएल आणि सीडी दोन्ही कुणाच्या घरी राहिलेत हा प्रश्न आहे म्हणा, पण तुमच्या शाळेच्या कपाटात सापडतील.