‘सर्व्हर ब्लॉकमध्ये सहा ओळी टाका’ म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

एनजिनएक्स या वेब-सर्व्हरच्या कॉन्फिगसाठी, म्हणजे सेटिंगच्या फाइलीसाठी, सहा ओळींचा एक मेसेज डेव्हलपरांच्या ग्रुपांवर फिरतोय. ‘सर्व्हर ब्लॉकमध्ये एकदाच पेस्ट करा, रिस्टार्ट मारा, साइट शंभर टक्के सुरक्षित.’ सर्व्हर ब्लॉक म्हणजे सेटिंगमधला पूर्ण साइटचा भाग; मेसेजमधली प्रत्येक ओळ एक हेडर, म्हणजे उत्तरासोबत ब्राउझरला जाणारी सूचना, लावते. काल तो धाकट्या भावाकडून आला, खाली प्रश्न: ‘दादा, टाकू का?’ तो सांभाळतो त्या साइटवरून सभासदांच्या पावत्यांच्या पीडीएफ जातात. टाकू नकोस. का, ते एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या विचारणाऱ्याला हेच पाठवता येईल.

‘एकदा टाकलं की सगळीकडे लागू.’

मेसेजचा सगळा डोलारा या वाक्यावर उभा आहे आणि नेमकं हेच खोटं आहे. एनजिनएक्सच्या अधिकृत दस्तऐवजात हेडर्स मॉड्यूलचं पान उघडा. तिथे स्वच्छ लिहिलंय की वरच्या पातळीवरचे ॲड_हेडर (हेडर जोडणाऱ्या ओळी) खाली उतरतात, पण खालच्या पातळीवर एकही ॲड_हेडर नसेल तरच. म्हणजे सर्व्हर ब्लॉकमध्ये सहा हेडर लिहिले आणि पावत्यांच्या लोकेशन ब्लॉकमध्ये (ठरावीक पत्त्यांपुरत्या भागात) फक्त एक, फाइल उघडायची की डाउनलोड करायची ते सांगणारा कंटेंट-डिस्पोझिशन, लिहिला, की त्या पावत्यांपुरते वरचे सहाच्या सहा गेले. बेरीज होत नाही. एरर नाही, लॉगमध्ये चकार शब्द नाही. होमपेज तपासलं तर सगळं हिरवंगार, आणि ज्या फाइलींसाठी खटाटोप केला त्याच उघड्या.

त्याच पानावर दुसरी अट आहे. साधा ॲड_हेडर फक्त 200, 201, 204, 206, 301, 302, 303, 304, 307 आणि 308 या क्रमांकांच्या उत्तरांवर लागतो. 404 (पान सापडलं नाही) किंवा 500 (सर्व्हरची चूक) च्या पानावर हेडर हवा असेल तर ओळीच्या शेवटी ‘ऑल्वेज’ लिहावं लागतं. ही सोय एनजिनएक्सच्या 1.7.5 आवृत्तीपासून आहे, तरी मेसेजमधल्या एकाही ओळीत हा शब्द नाही.

उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. सगळे सामाईक हेडर एका वेगळ्या फाइलीत ठेवा आणि ज्या ज्या लोकेशनमध्ये स्वतःचा ॲड_हेडर आहे तिथे ती फाइल ‘इन्क्लूड’ करा. 1.29.3 पासून ‘ॲड_हेडर_इनहेरिट मर्ज’ लिहून बेरीज करून घेता येते, पण उबुंटू 24.04 सोबत 1.24 येतं, तिथे ही ओळ लिहिली तर कॉन्फिगच नापास होईल.

‘कंटेंट-टाइप फोर्स-डाउनलोड टाका, फाइल थेट डाउनलोड होते.’

असा अधिकृत प्रकारच नाही. शिवाय ॲड_हेडर इथे जुना कंटेंट-टाइप (फाइलीचा प्रकार सांगणारा हेडर) बदलत नाही, शेजारी दुसरा चिकटवतो. एका उत्तरात दोन कंटेंट-टाइप गेले की कुठला धरायचा हे समोरच्याच्या मर्जीवर. प्रकार ‘ॲप्लिकेशन/पीडीएफ’ हाच राहू द्या; डाउनलोड करवण्याचं काम कंटेंट-डिस्पोझिशनच्या ‘अटॅचमेंट’चं आहे.

फाइलीचं नाव मराठीत हवं असेल तर ‘फाइलनेम’ पुढे तारका, मग यूटीएफ-8, दोन एकेरी अवतरणचिन्हं आणि टक्केवारी-एन्कोडिंग केलेलं (प्रत्येक बाइटसाठी टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं) नाव. ‘पावती’ची पाच युनिकोड चिन्हं, प्रत्येकाचे तीन बाइट, म्हणजे एवढ्याशा नावाला 45 अक्षरं लागतात. सोबत साधं इंग्रजी ‘फाइलनेम’ही द्या, जुन्या क्लायंटना तेच कळतं.

आता अवतरणचिन्हांचं. मेसेजमधली चिन्हं कुणाच्या तरी फोनच्या कीबोर्डने वाकडी केली आहेत. एनजिनएक्सला वाकडं चिन्ह म्हणजे फक्त आणखी एक अक्षर. त्यामुळे तीच चिन्हं कंटेंट-डिस्पोझिशनच्या ओळीत उचलली, तर ‘अटॅचमेंट’नंतरच्या अर्धविरामाला ओळ संपते आणि ‘फाइलनेम’ला ‘अननोन डिरेक्टिव्ह’ असा एरर येतो. तो आला तर नशीब. कारण एक्स-फ्रेम-ऑप्शन्सच्या (आपलं पान दुसऱ्या साइटच्या चौकटीत दिसू न देणाऱ्या हेडरच्या) ओळीत मधे अर्धविराम नाही, ती चाचणीत सुखरूप पास होते, हेडर वाकड्या चिन्हांसकट बाहेर जातो आणि ब्राउझर तो अवैध म्हणून सोडून देतो.

‘एचएसटीएस दोन वर्षांचा, सबडोमेन आणि प्रीलोडसकट.’

एचएसटीएस म्हणजे ‘या साइटवर फक्त एचटीटीपीएसनेच या’ असा ब्राउझरला हुकूम. बाकी बहुतेक ओळी निरुपयोगी आहेत, ही मात्र नुकसान करते. 63072000 सेकंद म्हणजे दोन वर्षं. तेवढा काळ त्या ब्राउझरला मुख्य डोमेन आणि प्रत्येक सबडोमेन एचटीटीपीएसवरच हवं. ऑफिसातलं जुनं सॉफ्टवेअर एखाद्या सबडोमेनवर साध्या एचटीटीपीवर चालत असेल तर ते बंद. सर्टिफिकेट स्वतःच बनवलेलं असेल तर ‘तरीही पुढे जा’ हे बटणसुद्धा दिसत नाही. मागे फिरायचं तर मॅक्स-एज (सेकंदांची ही मुदत) शून्य करून पाठवावं लागतं, तेही चालू एचटीटीपीएसवरून, आणि प्रत्येकाने पुन्हा साइटवर येईपर्यंत वाट बघायची. ‘प्रीलोड’ हा शब्द लिहिला की फक्त एचटीटीपीएसवरच उघडायच्या साइटींच्या यादीत घालायला तुमची संमती आहे असं धरलं जातं. ती यादी ब्राउझरच्या आतच भरलेली येते. तिच्यातून नाव काढून ते लोकांच्या ब्राउझरपर्यंत पोचायला महिने जातात. आधी 300 सेकंद ठेवा, सबडोमेन एकेक करून तपासा, मग आकडा वाढवा. प्रीलोडचं नंतर बघू.

‘एक्स-एक्सएसएस-प्रोटेक्शनने हॅकर थांबतो.’ पानात घुसवलेला कोड अडवणाऱ्या ज्या फिल्टरला हा हेडर चालू करायचा तो क्रोमने 2019 मध्ये 78 व्या आवृत्तीत काढून टाकला, फायरफॉक्समध्ये तो कधी नव्हताच. पुढे.

‘नो-कॅश लावलं की फाइल साठवली जात नाही.’ साठवली जाते; वापरण्याआधी सर्व्हरला विचारलं जातं, इतकंच. सभासदाची पावती सायबर कॅफेच्या मशीनवर राहू नये असं वाटत असेल तर ‘नो-स्टोअर’.

एक ओळ बरी आहे, नाइलाजाने मान्य करतो: एक्स-कंटेंट-टाइप-ऑप्शन्स, ‘नोस्निफ’, म्हणजे ब्राउझरने फाइलीचा प्रकार स्वतः ताडू नये. ती खरंच लावावी. पण आधी माइम-टाइपची फाइल (कुठल्या फाइलीचा कुठला प्रकार ही यादी) इन्क्लूड झाली आहे ना ते बघा. नसेल तर एनजिनएक्स डिझाइनची सीएसएस फाइलही साधा मजकूर म्हणून पाठवतो आणि नोस्निफमुळे ब्राउझर ती नाकारतो. मग ‘साइटचं डिझाइन गेलं’ म्हणून फोन येतात.

आणि ‘रिस्टार्ट मारा’ हे तर अजिबात नको. रिस्टार्टमध्ये चालू सर्व्हर आधी थांबतो. कॉन्फिगमध्ये चूक असेल तर तो परत उठत नाही. आधी ‘एनजिनएक्स -टी’ ही कॉन्फिग तपासणारी कमांड, ते पास झालं तरच ‘रीलोड’, म्हणजे न थांबता नवं कॉन्फिग. मग ‘कर्ल’ या कमांडला मोठ्या लिपीतला ‘आय’ देऊन (म्हणजे ती फक्त हेडर दाखवते) तीन पत्ते तपासा: होमपेज, एक खरी पावती आणि एक मुद्दाम चुकीचा पत्ता. तिन्हींवर हेडर दिसले नाहीत तर वर इन्क्लूड आणि ऑल्वेजबद्दल लिहिलंय, तिथे परत जा.