काकांनी धरली म्हणून

गाडी पळाली नव्हती. हातभर सरकून फुटपाथच्या दगडाला टेकली होती, आणि सरकलीच तर तिने तिथेच टेकावं अशी व्यवस्था मीच करून ठेवली होती. हे मी काल संध्याकाळपासून सांगतोय. ऐकायला कोणी तयार नाही, कारण तोवर आमच्या भागात दुसरीच हकिगत पसरली आहे. तिच्यात मी गाडी उतारावर मोकळी सोडून दळण आणायला गेलेला बेजबाबदार इसम आहे आणि छत्रीवाले काका साक्षात गोवर्धनधारी. गोवर्धनाला निदान गोपांच्या काठ्यांचा टेकू तरी होता. काकांनी छत्रीसुद्धा एका बाईंकडे धरायला दिली होती.

आम्ही सहकारनगरात राहतो. तळजाईच्या टेकडीकडे चढत जाणारे हे रस्ते, त्यामुळे सपाट जागा ज्याला मिळाली तो ती सोडून गावाला जात नाही. गिरणी नेमकी उतारावर. मला शिकवल्याप्रमाणे मी सगळं केलं होतं. गाडीचं तोंड उताराकडे, म्हणून रिव्हर्स गिअर. स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवलेलं, म्हणजे सुटलीच तर चाक फुटपाथला अडेल. आणि हँडब्रेक ओढलेला. आता धडधाकट हँडब्रेक पाच-सात ‘कट्कट्’मध्ये घट्ट होतो. आमचा लिव्हर काखेपर्यंत येतो आणि तरी पुढच्या कट्ला जागा शिल्लक असते. राहिला गिअर. पण जुन्या इंजिनात दम कमी असतो, आत कोंडलेल्या हवेचा दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, सुटत जातो आणि गाडी एकेक झटका खात इंचाइंचाने पुढे येते. तशी ती आली, दगडाला लागली आणि थांबली. इथे गोष्ट संपायला हवी होती.

गव्हाचा डबा तोलून घेतला जात होता तेवढ्यात एक पोरगं गिरणीत येऊन ओरडलं, “पांढरी गाडी कुणाची? काकांनी धरलीये!”

बाहेर येऊन बघतो तर खरंच धरली होती. बोनेटवर उजव्या हाताचा पंजा, डावा पाय मागे रोवलेला, गुडघ्यापर्यंत चड्डी, पायात प्लास्टिकच्या चपला, डाव्या बगलेत मेथीची जुडी. नळावरच्या भांडणात बघे जमतात त्या अंतरावर दहा-बाराजण उभे. पाऊस नुकता थांबलेला.

“तुमची का?”

“हो.”

“आले,” काका गर्दीला म्हणाले. “मालक आले.” गर्दीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी मालकी नाकारून घरी चालत जावं असं क्षणभर वाटलं.

“काका, सोडा तुम्ही. चाक दगडाला टेकलंय, ती हलत नाही.”

“सोडू?” काकांनी मान वळवली. “ऐकलंत का? सोडा म्हणतायत!”

“अहो त्यांना मणक्याचा त्रास आहे,” छत्री धरलेल्या बाई मला म्हणाल्या. “केव्हाचे उभे आहेत.”

“खाली शाळा आहे,” काका म्हणाले.

“काका, आज रविवार आहे.”

“म्हणून काय शाळा उचलून ठेवतात?”

यावर हशा झाला. तो माझ्या बाजूने नव्हता.

मी चाक दाखवलं. टायर दगडाला इतका चिकटलेला होता की मध्ये पोस्टकार्ड गेलं नसतं. काकांनी वाकूनसुद्धा पाहिलं नाही. “कॉन्ट्रॅक्टरने बसवलेला दगड आहे तो,” म्हणाले. “त्याच्या भरवशावर गाडी लावता तुम्ही?” पुण्यात या युक्तिवादाला उत्तर नाही. माना हलल्या.

आता साधा हिशेब बघा. आमची गाडी ८०० किलोची. उतार १० फुटांना १ फूट धरला, तरी तिला खाली ओढणारा जोर साधारण ८० किलोचा होतो. काका, मेथी आणि ओले कपडे धरून, पंचावन्न. ते एका हाताने ही गाडी धरून उभे होते आणि मधूनमधून त्याच हाताने चष्मा वर सारत होते. चष्मा सारताना गाडीला कोण धरत होतं, हा प्रश्न त्या दहा-बारा सुशिक्षित माणसांपैकी एकालाही पडला नाही. आणि ती खरोखरच सुटली असती तर काका तिच्या पुढ्यातच उभे! सुटलेल्या गाडीपुढे कधीही उभं राहू नये, पत्रा गेला तर जाऊ द्यावा. हे मी कळकळीने सांगायला गेलो, तर ते ऐकून त्यांच्या शौर्यात भरच पडली.

“मी बसतो गाडीत आणि पायाचा ब्रेक दाबतो,” मी म्हणालो.

“हां. पण दार हळू लावा. दणका बसला तर सुटेल.”

मी दार घरात शिरलेल्या चोरासारखं लावलं. काचेतून काकांचा चेहरा समोर.

“दाबला?”

“दाबला.”

“मी तीन म्हणतो. तीनला दाबायचा का तीन झाल्यावर?”

“आत्तापासूनच दाबून ठेवलाय काका.”

“तसं नको. तीनला दाबा. एक... दोन... थांबा, मेथी.” मेथी छत्रीवाल्या बाईंकडे गेली. एकापासून पुन्हा सुरुवात झाली. तीनला त्यांनी आधी करंगळी उचलली, मग अनामिका, मग मधलं बोट. तर्जनी बराच वेळ बोनेटवर राहिली, बहुधा इंजिनाची नाडी बघत असावेत. मग तीही उचलली आणि काका एक पाऊल बाजूला सरकले. गाडी जिथे होती तिथेच होती.

“बघा!” काका म्हणाले.

काय बघा? गाडी हलली नाही, कारण ती मघाशीही हलत नव्हती. पण काकांच्या शास्त्रात मघाशी ती त्यांच्यामुळे हलत नव्हती आणि आता माझ्या ब्रेकमुळे. या शास्त्राला कुठूनही तडा जात नाही. कोणीतरी टाळी वाजवली. एकाने मोबाइलवर हे सगळं टिपलं होतं आणि ती फीत रात्रीपर्यंत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आली. त्यात काकांच्या कपाळावरचा घाम दिसतो, माझं तोंड दिसतं, मेथीसुद्धा दिसते. चाक आणि दगड तेवढे चौकटीबाहेर.

यानंतर काका गाडीत येऊन बसले. बसू का असं विचारलं नाही, थेट पुढचं दार उघडलं. “दोन गल्ल्या सोडून सोडा,” म्हणाले, “एवढं उभं राहून पायात गोळे आलेत.” आणि बसल्याबसल्या उजव्या हाताने हँडब्रेकचा लिव्हर घट्ट पकडला.

“काका, तो आत्ता खाली आहे. गाडी चालू आहे.”

“असू दे. मी हात ठेवतो.”

चौकातल्या गतिरोधकावर त्यांनी तो हळूच ओढलासुद्धा. अर्थात काहीच झालं नाही, कारण मुळात तो कशालाच धरत नव्हता. “काहीच नाही की हो यात,” ते म्हणाले, आणि माझ्याकडे दयेने पाहिलं. मी विचारलं, तुमच्याकडे कोणती गाडी आहे?

“गाडी नाही घेतली मी. डोक्याला ताप असतो.”

“पण चालवायला येत असेल ना?”

“लुना होती,” काका म्हणाले.

रागाच्या भरात रात्री मी मोटार वाहन कायदा काढून वाचला. माणसं रागात काय काय वाचतात. १९८८च्या त्या कायद्यात कलम १२६ आहे. त्याचा मथितार्थ असा, की सार्वजनिक जागी गाडी सोडून जायचं तर इंजिन बंद हवं आणि ब्रेक लावलेला हवा, किंवा चालक नसताना गाडी चुकून हलणार नाही अशी दुसरी काही तजवीज तरी केलेली हवी. ही ‘दुसरी तजवीज’ म्हणजे आपली वीट. आपल्याकडे दर तिसऱ्या टेम्पोच्या केबिनमध्ये जो ओबडधोबड दगड असतो, तो कायद्याला धरून असतो. मी चाक फुटपाथला अडेल असं वळवलं, तीही तजवीजच की! पण हे ग्रुपवर लिहिल्यावर एकाने अंगठा दाखवला आणि दुसऱ्याने काकांचा सत्कार गणपतीत करावा असं सुचवलं. अंगठा नेमका कशाला होता ते कळायला मार्ग नाही.

शिवाय सल्ले. हँडब्रेकबद्दल मत नसलेला माणूस मला कालपासून भेटलेला नाही. एक म्हणतो, पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी ठेवूच नका, मागच्या चाकातल्या ब्रेकच्या ड्रमला गंज चढून त्याला आतून घासणारे लायनर चिकटतात, सकाळी गाडी जागची हलत नाही. हे खरं आहे. दुसरा म्हणतो, उतारावर नुसत्या गिअरवर ठेवूच नका. हेही खरं आहे. आता पाऊस आहे आणि उतारही आहे, तर बुद्धिमान माणसाने गाडी घरात पलंगाखाली ठेवावी का? काही नव्या गाड्यांत म्हणे लिव्हरच नसतो, बोटाने बटण दाबलं की मोटर ब्रेक ओढते. छान आहे. पण काकांनी हात कशावर ठेवायचा?

आज सकाळी गाडी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे नेली. इथून पुढे विनोद जरा कमी आहे, कारण मला खरोखरच राग आलेला आहे.

तक्रार मी महिन्याभरापूर्वीच केली होती, एका झगमगीत सर्व्हिस सेंटरमध्ये. तिथे कॉफी मिळते, सोफे मिळतात, आणि गाडी कुठे आहे ते बघायला मात्र आत सोडत नाहीत. बिलात ‘मागील ब्रेक सफाई व अॅडजस्टमेंट’ असे ₹६५० लावून पुढे बरोबरची खूण केलेली. चारच दिवस लिव्हर झकास लागत होता. मग पुन्हा काखेत.

मिस्त्रीने लिव्हरखालचं प्लास्टिक उचकटलं आणि मला वाकून बघायला सांगितलं. केबलचा नट आट्याच्या शेवटापर्यंत पिळलेला. “यांनी नुसती केबल ओढलीये साहेब. आता ओढायला उरलंच नाही काही.” म्हणजे आत लायनर झिजले असले, तरी बाहेरून तार ताणायची, गिऱ्हाईक चार दिवस खूश. खरी रीत उलटी आहे. आधी केबल सैल सोडायची, ड्रम उघडून आतले लायनर साफ करून ड्रमच्या बेताने बसवायचे, आणि मग शेवटी नट हलकेच आवळायचा. आत आपोआप अंतर जुळवणारा एक अॅडजस्टर असतो. आमच्यातला गंजून जागीच बसला होता.

ड्रम निघेना. त्याच्या दोन भोकांत बोल्ट घालून मिस्त्री आळीपाळीने पिळत गेला, मध्ये हातोड्याचे दोन टोले, आणि अखेर ‘खाट्’ करून ड्रम हातात आला. मूठभर काळी भुकटी त्याच्या पायावर सांडली. “हा उघडलेलाच नाही,” तो म्हणाला. सफाईचे पैसे मी भरले होते, त्या सफाईची ही भुकटी.

दुसऱ्या चाकात तर भुकटीही नव्हती, चिखल होता. व्हील सिलिंडर, म्हणजे पायाचा ब्रेक दाबल्यावर तेलाच्या जोराने लायनर ड्रमवर दाबणारं नळकांडं, गळत होता आणि ब्रेक ऑइलने लायनर माखलेला. मिस्त्रीने त्यावर बोट फिरवून मला दाखवलं, तळणीतून काढलेल्या भज्यासारखं चकाकत होतं. हँडब्रेक हा तेलाच्या ब्रेकपासून वेगळा, तारेवर चालणारा, तेल गेलं तरी हा शाबूत राहावा म्हणून. पण तार शेवटी ओढते ती त्याच लायनरांना. तेल लायनरवरच सांडल्यावर ती वेगळी तार ओढून ओढून धरणार काय?

आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा वळणावर लुकलुकत होता, तोही मी तिथे दाखवला होता. हँडब्रेक वर राहिला तरी तोच दिवा लागतो आणि ब्रेक ऑइल कमी झालं तरी तोच. सोफ्यावर माझ्याशेजारी बसून, टॅबवर बोट फिरवत तो टायवाला पोरगा म्हणाला होता, “सेन्सरचा इश्यू असतो सर, इग्नोर करा.” ऑइलची बाटली बोनेटखाली समोरच असते, पातळी बाहेरून दिसते. झाकणसुद्धा उघडावं लागत नाही.

मी गॅरेजच्या दारातूनच सर्व्हिस सेंटरला फोन लावला आणि आवाज चढवून सगळं ऐकवलं. तक्रार लिहून घेतली. दुपारी एका मुलीचा फोन आला. अतिशय गोड आवाज.

“सर, तुमची कम्प्लेंट हँडब्रेक होल्ड होत नाही अशी आहे. बरोबर?”

“बरोबर. आणि ब्रेक न उघडता पैसे घेतले, अशीही आहे.”

“हो सर. आत्ता गाडी कुठे आहे?”

“गॅरेजमध्ये. ठोकळ्यांवर. मागची दोन्ही चाकं काढलेली आहेत.”

“म्हणजे आत्ता गाडी हलत नाहीये ना सर?”

मी मिस्त्रीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं.

“नाही.”

“थँक यू सर.”

फोन ठेवतोय तोच मेसेज आला. आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे, आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल?