‘हे कसलं इंग्रजी?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

ग्राइम, म्हणजे लंडनचं रॅपसारखं संगीत, ऐकून तिथली रस्त्यावरची बोली कशी शिकावी, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ही गुंडांची बोली, तिला ना शेंडा ना बुडखा, इंग्रजी शिकायचं तर बीबीसी ऐकावं, आणि या बोलीवर जमैकाची छाप असली तरी जमैकाशी आपलं घेणंदेणंच काय? तुम्ही आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलंत, नातू सप्टेंबरात एमएस्सीसाठी लंडनला निघालाय, त्या काळजीपोटी लिहिलंत, हे कळलं. पण पटलं मात्र नाही.

आधी शेंडा-बुडख्याचं बघू. जेनी चेशायर, पॉल करस्विल या भाषाशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २००७ या काळात हॅकनी आणि हॅव्हरिंग या लंडनच्या दोन भागांतल्या तरुणांचं बोलणं रेकॉर्ड करून तपासलं. नवी बोली हॅकनीत रुजलेली दिसली, कारण तिथे कॅरिबियन, आफ्रिकन, आशियाई, गोरी अशी सगळी पोरं एकत्र वाढत होती. ज्या गोऱ्या मुलांची दोस्ती अशी मिश्र होती, त्यांच्याही तोंडी तीच बोली होती. अभ्यासक तिला ‘मल्टिकल्चरल लंडन इंग्लिश’ म्हणतात, आणि तिला व्याकरण आहे. पात्वा या जमैकातल्या बोलीत नामाला ‘डेम’ जोडून अनेकवचन होतं. लंडनचं ‘मॅनडेम’, म्हणजे आपली मित्रमंडळी, त्यातूनच आलं. ‘मॅन’ तर चक्क सर्वनाम झालंय. ‘मॅन्स टायर्ड’ (माणूस दमलाय) म्हणणारा बऱ्याचदा स्वतःबद्दलच बोलत असतो. मुंबईत ‘आपल्याला नाय जमणार’ म्हणणारा एकटाच असतो ना, तसंच. चेशायरबाईंनी या एका सर्वनामावर २०१३ मध्ये स्वतंत्र शोधनिबंध लिहिलाय.

आता बीबीसी. ऑगस्ट २०११ च्या इंग्लंडमधल्या दंगलींनंतर बीबीसीच्याच ‘न्यूजनाइट’ या टीव्ही कार्यक्रमात इतिहासकार डेव्हिड स्टार्की यांनी ‘गोरे आता काळे झालेत’ असं म्हणत या जमैकन वळणाच्या बोलीवर खापर फोडलं होतं. त्यावरून केवढा गदारोळ झाला! ट्यूडर राजघराण्यावरचा अधिकारी माणूस, पण रस्त्यावरच्या पोरांचं बोलणं त्याने कधी कान देऊन ऐकलं असेल असं वाटलं नाही. आणि २००२ पासून बीबीसीची ‘वनएक्स्ट्रा’ ही रेडिओ वाहिनी हेच संगीत वाजवते आहे. तेव्हा बीबीसी जरूर ऐकावं, फक्त सगळं ऐकावं.

मी ध्वनिफिती ऐकायला सांगते, शब्दांच्या याद्या पाठ करायला नाही, याचं कारण तुमच्या नजरेतून सुटलं असावं. ‘लंडन स्लँगचे पन्नास शब्द’ छापाचे व्हिडिओ मला कुचकामी वाटतात. खरी शाळा म्हणजे पायरेट रेडिओ. १९९१ मध्ये हॅकनीत सुरू झालेलं कूल एफएम, १९९४ चं रिन्स एफएम, ग्राइमच्या ऐन बहरातलं डेजा व्हू. परवाना नाही, उंच इमारतीच्या गच्चीवर चोरून बसवलेला अँटेना, सरकारी माणसांनी तो काढून नेला की पुन्हा नवा. रिन्सला अधिकृत परवाना मिळाला तो थेट २०१० मध्ये. या स्टेशनांवर एमसी, म्हणजे तालावर शब्द फेकणारा गायक, तासन् तास माइकवर. ओळ जमली की डीजे रेकॉर्ड मागे ओढतो आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावतो. याला ‘रीलोड’ म्हणतात. ही रीत जमैकन साउंड सिस्टिमवाल्यांची, म्हणजे मोठाले स्पीकर लावून रस्त्यावर गाणी वाजवणाऱ्या मंडळींची. शिकणाऱ्याला याहून काय हवं? नाही समजलेली ओळ मिनिटभरात परत कानावर येते, तीही लोकांना सर्वांत आवडलेली.

मधली बडबड तर गाण्यांहून मोलाची. कोणाला तरी शुभेच्छा, कोणाची खेचणं, पुढच्या पार्टीची जाहिरात. ऐकणारे स्टुडिओच्या मोबाइलवर मिस्ड कॉल द्यायचे आणि एमसी नंबराचे शेवटचे तीन आकडे घेऊन ‘बिग अप’, म्हणजे शाबास, म्हणायचा. (मिस्ड कॉलची कला फक्त आपल्याकडेच आहे असं मी समजत होते.) बोली अशी चालताबोलताना ऐकली की कोणता शब्द प्रेमाने येतो, कोणता डिवचायला, हे आपसूक कळतं. यादीत ते कळत नाही.

हा प्रवाह आजचाही नाही. १९४८ मध्ये कॅरिबियनमधून माणसं घेऊन आलेली ‘एम्पायर विंडरश’ ही बोट लंडनजवळच्या टिलबरी बंदराला लागली, तिथपासून जमैकन बोलणं लंडनच्या कानावर आहे. १९८४ मध्ये दक्षिण लंडनच्या सॅक्सन साउंड सिस्टिमवरच्या स्मायली कल्चर या गायकाने कॉकनी, म्हणजे लंडनच्या कामगारांची जुनी बोली, आणि जमैकन बोली शेजारी शेजारी ठेवून एक अख्खं विनोदी गाणं रचलं. पुढे जंगल, गराज हे संगीतप्रकार आले, २००० नंतर ईस्ट लंडनच्या बो भागातून ग्राइम. ग्राइम गाणाऱ्या स्केप्टाचे आईवडील नायजेरियन, स्टॉर्म्झीची आई घानाची. म्हणजे ‘जमैकन’ म्हणणंसुद्धा आता अपुरंच आहे.

‘गुंडांची बोली’ हा तुमचा शब्द मला खरा खटकला. लंडनच्या पोलिसांनी २००५ मध्ये ‘फॉर्म ६९६’ आणला. कार्यक्रमाआधी आयोजकांनी तो भरायचा. त्यात एके काळी संगीताचा प्रकार आणि येणाऱ्या श्रोत्यांचा वंशही विचारत. ओरड होऊन होऊन २०१७ मध्ये तो रद्द झाला. २०१९ मध्ये ड्रिल हा रॅपचा प्रकार गाणाऱ्या दोघांना एक गाणं सादर केल्याबद्दल स्थगित का होईना, तुरुंगवासाची शिक्षा झाली, कारण त्यांच्यावर न्यायालयाचा मनाई आदेश होता. गाण्याच्या ओळी पुरावा म्हणून कोर्टात येतात आणि त्यांचा अर्थ ज्युरीला अनेकदा पोलीसच सांगतात. फुशारकी कुठे संपते आणि कबुली कुठे सुरू होते, हे ठरवायला ती बोली नीट कळणारा माणूस लागतो. ती बोली गुंडही बोलतात, मान्य. नर्सही बोलतात, बसचालकही बोलतात.

जमैकाशी संबंध विचारलात, तर १८४५ पासून कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून हजारो मजूर करारावर तिकडे गेले. जमैकात गांजाला आजही गांजाच म्हणतात. आणि नव्वदीत टीव्हीवर अपाचे इंडियन हा गायक ज्यांनी पाहिला, त्यांनी बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थमधल्या पंजाबी पोराच्या तोंडून हीच जमैकन ढब ऐकलीय, फक्त तेव्हा नावं ठेवली नसतील.

राहिला तुमचा नातू. त्याने ही बोली आधी फक्त ऐकावी. आल्या आल्या काळ्या वर्गमित्राला ‘वागवान’ (काय चाललंय?) म्हणू नये; नवख्याच्या तोंडी ती नक्कल वाटते आणि असल्या नकला त्या मुलांनी पुष्कळ सोसल्यात. ‘इनिट’ (हो ना?) आणि ‘ब्रव’ (भावा) महिन्या-दोन महिन्यांत आपोआप चिकटतील, त्याला इलाज नाही. प्रबंध लिहिताना तुम्ही शिकवलेलं इंग्रजीच वापरायचं, यावर आपलं दुमत नाही. निघण्याआधी त्याला डेजा व्हूची २००३ च्या आसपासची रेकॉर्डिंग्ज ऐकवा. पहिल्या वेळी निम्मंही कळणार नाही. तुम्हीही शेजारी बसा आणि काय वाटलं ते इथे लिहा. शिव्या दिल्यात तरी उत्तर देईन.