वन्समोअर कधी द्यावा

संगीत नाटकातले जाणकार म्हणून चारचौघांत नाव व्हायला हवं असेल, तर आधी एक करा: नाटक बघायला जाणं सोडा. पदं ऐकायला जा. गोष्टीत जीव अडकवणं हे गद्य नाटकवाल्यांचं काम. ‘सौभद्रा’तला अर्जुन संन्यासी का झाला, बलरामाला सुभद्रेसाठी दुर्योधनच का हवा होता, असल्या चौकशा शेजारच्या लहान पोरांना करू द्यात. तुम्ही खुशाल मोबाइलवर मेसेज वाचत बसा आणि ‘प्रिये पहा’चे सूर वाजले की मान वर करा.

नाट्यगृहात शिरायचं ते तिसऱ्या घंटेनंतरच. नांदी चालू असताना अख्ख्या रांगेचे गुडघे ओलांडत जागेवर गेलं, की रंगदेवतेबरोबर तुमचंही आगमन प्रेक्षकांच्या लक्षात येतं. बसल्या बसल्या पुढच्या खुर्चीच्या पाठीवर ताल धरावा. सम हुकली तरी जोर कमी करू नये, तबलजीचं नाव घ्यायची सोय असतेच. मुखड्यावर येताना शेवटचा शब्द अर्धी मात्रा आधी आपण मोठ्यानं म्हणून टाकायचा, म्हणजे गायिकेच्या तोंडून तो बाहेर पडेपर्यंत शिळा होतो.

‘कट्यार काळजात घुसली’ला तर तुमची खरी परीक्षा. त्यात ‘घेई छंद’ हे पद दोन तऱ्हांनी येतं: पंडितजींच्या घराण्याचं संथ, ठहरावाचं, आणि खाँसाहेबांचं, म्हणजे ती भूमिका करणाऱ्या वसंतराव देशपांड्यांचं, दाणेदार तानांचं. नाटककार दारव्हेकरांनी सगळं नाटक या दोन गायक्यांच्या झगड्यावर उभं केलंय, आणि संगीतकार अभिषेकीबुवांनी शब्द तेच ठेवून चालीतून तो झगडा ऐकवलाय. तुम्हाला त्याचं काय? संथ चाल सुरू झाली की शेजाऱ्याला कोपरानं ढोसून सांगा, ‘ही नाही हो, ती वसंतरावांची!’ आणि ती येईपर्यंत तिच्याच ताना तोंडातल्या तोंडात घोळवा. आली की वन्समोअर. पंडितजींच्या चालीला वन्समोअर देणारा माणूस नवखा समजावा. त्यानं बहुधा नाटक लक्ष देऊन पाहिलेलं असतं.

मध्यंतरात वड्याच्या रांगेत उभं राहून ‘आता ते राहिलं नाही’ हे वाक्य टाकायचं. ‘ते’ म्हणजे काय, हे कुणी विचारत नाही. फारच कुणी विचारलं तर ‘नारायणराव’ एवढंच म्हणून डोळे मिटावेत. नारायणराव, म्हणजे बालगंधर्व, गेले १९६७ साली, तुमचा जन्म १९७४चा; पण वड्याच्या रांगेत जन्मदाखला लागत नाही. तुम्ही त्यांना ऐकलंय ते तबकडीवर. त्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं मावायचं. रंगमंचावर वन्समोअर घेत रात्र रात्र रंगणारी पदं तिथं आवळून बसवावी लागत. तेव्हा आजच्या पोरीनं तेच पद आठ मिनिटं गायलं, की ‘मूळ गाण्यात एवढा विस्तार नव्हता’ असं ठणकावून सांगायला तुम्ही मोकळे.

चाल बदललेली तर अजिबात खपवून घ्यायची नाही. आता अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८०च्या ‘शाकुंतला’त साकी, दिंडी, लावणी, कानडी चाली, हाताला लागेल ते घेतलं. १९११च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंब्यांनी पूरबेकडची ठुमरी-कजरी मराठी शब्दांत आणून बसवली. १९६४ला ‘मत्स्यगंधा’ आलं तेव्हा अभिषेकींनी पदांचा घाटच बदलून टाकला. म्हणजे ज्याला आपण परंपरा म्हणतो, तिच्यात प्रत्येकानं आधीचं मोडलेलंच दिसतं. पण हा इतिहास मनातल्या मनात ठेवा. आपल्यापुरती परंपरा म्हणजे आपल्या विसाव्या वर्षी रेडिओवर जे लागायचं ते, आणि तिच्यात भर घालायची मुदत त्याच वर्षी संपली.

राहता राहिला तिकिटाचा प्रश्न. रसिकानं तिकीट काढणं म्हणजे आपली कुणाशी ओळख नाही हे जाहीर करणं. ऑर्गनवाला, मेकअपवाला, व्यवस्थापकाचा मेहुणा, कुणीतरी सापडतोच. पास मागावा, आणि मिळालेली जागा दहाव्या रांगेतली निघाली तर नाराजीही कळवावी. नंतर अर्ध्या रिकाम्या प्रेक्षागृहाकडे हात करून ‘मराठी माणसाला आपल्या ठेव्याची किंमतच नाही’ असं म्हणावं. हे वाक्य पासावर बसलेल्या माणसाच्या तोंडी फार शोभतं.

पडदा पडल्यावर आत जायला विसरू नका. ‘सौभद्रा’तली रुक्मिणी तिथं नऊवारीचा काष्टा सोडवत, एका हातानं गजरा काढत उभी असते. दिवसा कुठल्याशा बँकेत नोकरी, रात्री तालीम, आणि प्रयोगामागे नाइट किती मिळते ते विचारू नये असं. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणावं, ‘छान गातेस, पण नारायणरावांचं ऐक एकदा.’ ती ‘हो काका’ म्हणून वाकून नमस्कार करते. मग पुढच्या प्रयोगाला सहकुटुंब नक्की येतो असं सांगावं, चार पासांचं बघायला सांगावं, आणि तिनं दिलेला पेढा खाऊन शेवटची लोकल पकडावी.